औट चोक चौदा

आजा शाळेत गेला तो औटकीपर्यंत.
मग लावणी आली, आणि शाळा तिथंच राहिली,
साडेतीनच्या पाढ्यात, चौथ्या ओळीला:
औट एके साडेतीन
औट दुणे सात
औट त्रिक साडेदहा
औट चोक चौदा.
पुढचं त्याला कधी लागलंच नाही.

गोठिवलीत त्याची चार एकर होती,
म्हणजे एकशे साठ गुंठे.
ती गेली. कशी, ते गावात सगळ्यांना माहीत आहे.
परत आले साडेबारा टक्के, कागदावर:
एकशे साठाचे वीस.
त्यातूनही पावणेचार टक्के कापले
रस्त्याला, बागेला, शाळेला:
आणखी सहा.
(त्या सहांतल्याच कुठल्यातरी दीड फुटावर
बहुधा माझा बाक होता.)
राहिले चौदा.

मी पाचवीत. माझे अपूर्णांक चालू होते.
बाई सांगायच्या, वर अंश, खाली छेद,
छेद सारखे केल्याशिवाय बेरीज होत नाही.
आमच्या घरी आधी वजाबाकी आली.

रविवारी हसुराममामा आला.
पिशवीत दोन वस्तू:
अंजिरी साडी, आतल्या पुठ्ठ्यासकट,
आणि हक्कसोडीचा कागद.
"तुमी तिघी बहिनींनी सोडला का सोपा परतं," तो म्हणाला.
"चौघांत चौदा. बाबाचाच पाढा हाय, बघ."
आणि त्याने खरंच म्हटला,
डोळे मिटून, आजाच्याच हेलात,
शेवटच्या ओळीला तसाच थांबत.

मी वहीत करून पाहिलं.
साडेतीन, साडेतीन, साडेतीन, साडेतीन.
बाकी शून्य.
उत्तर जुळलं की गणित बरोबर
असं मला तेव्हा वाटायचं.

आई पाटीतली उरलेली मांदेली निवडत होती.
ताट पुढ्यात ओढून तिने वाटे लावायला घेतले.
तराजू तिला लागत नाही,
पाव, अर्धा, पाऊण, सगळं बोटांत आहे.
दोन. दोन. दोन. दोन.
थोडी जागा सोडून
दोन. दोन. दोन.
मग ताटाला एक गिरकी दिली.
ताट थांबलं तेव्हा
कुठले चार आणि कुठले तीन
ते मला सांगता आलं नसतं.

"सात दुणे चौदा," आई म्हणाली.
"ह्यो पन बाबाचाच. औटकीच्या आधीचा."

साडी तिने ठेवून घेतली.
कागद घडी न मोडता परत पिशवीत घातला.
मामाचा चहा अर्धा राहिला.
त्या दिवाळीपासून आमच्या पाटावर
पाऊण भाऊबीज होते,
चारातले तीन मामा येतात
आणि चौथ्याचा पाट कुणी मांडत नाही, उचलतही नाही.

चौदा गुंठे अजून चौदाच आहेत,
सेक्टरच्या टोकाला, पत्र्याच्या कुंपणाआड.
आत एरंड माजलाय.
दावा ठाण्याच्या कोर्टात.
मी आता रबाळ्याला मुलांना समच्छेद शिकवते
आणि निम्म्या वर्गाचा चुकतो.

परवा घणसोलीच्या मासळीबाजारात
हसुराममामा आईच्या पाटीसमोर उभा राहिला.
बायपासनंतरचा. सदरा दीडपट मोठा.
"कसा दिला?"
"शंभराला वाटा."
त्याने पाऊणशे पुढे केले.
आई बघत राहिली, हात न लावता,
उरलेले पंचवीस येईपर्यंत.
मग पैसे घेतले, मोजले, कनवटीला लावले,
वाटा पिशवीत लोटला
आणि वर दोन मांदेली टाकली.

"ही कशात धरायची?" मामाने विचारलं.

आई पुढच्या गिऱ्हाइकाला
पापलेटाचा भाव सांगत होती.